अंधारात राबलेल्यांचे आभार (आकाशमेळाव्याचा धागा)

सहा इंची

रात्रभर दुर्बिणींतून आकाश बघायचा आपला मेळावा होऊन चार दिवस झाले, झोपेची उधारी अजून फिटलेली नाही. आभाराचा धागा दरवर्षी कुणीतरी काढतं. "सर्व ज्ञात-अज्ञात हातांचे मनःपूर्वक आभार" एवढं एक वाक्य, खाली वीसेक +१, आणि दोन दिवसांत धागा तळाला. यंदा मी काढतोय आणि जरा लांबण लावणार आहे. कारण घरी येऊन निरीक्षणाची वही उघडली तेव्हा लक्षात आलं, ज्यांचे आभार मानायचेत त्यांतल्या निम्म्यांचे चेहरेच मी पाहिलेले नाहीत. रात्रभर त्यांच्याशी बोललो, त्यांच्याकडून आयपीस (दुर्बिणीला डोळा लावायची भिंगं) कोरडे करून घेतले, एकाच्या पायावर पाय दिला. पण लाल टॉर्चच्या उजेडात माणूस म्हणजे एक जाकीट आणि एक आवाज. सकाळी सामान भरताना समोरून चौघे गेले, त्यांतला रात्री माझ्या कामी आलेला कोण, ते काही कळेना. तेव्हा आवाजांवरूनच लिहितो. स्वतःला ओळखलंत तर हात वर करा.

पहिला आवाज फाटकावरचा. "हेडलाइट बंद करा. पार्किंग लाइटवर या. पुढे माणूस चालतोय, त्याच्या मागनं." मी उशिरा पोचलो होतो, आधीच वैतागलेलो. काळोखात चालत्या माणसामागे गाडी रांगत न्यायची, वर त्याने ती सरळ आत घालू दिली नाही. अख्ख्या मैदानाला वळसा घालून, तोंड बाहेरच्या रस्त्याकडे करून लावायला लावली. मनात म्हटलं, मिळाला एक शिस्तीचा किडा. पहाटे लोक निघायला लागले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. गाडी तोंडाने आत लावली की निघताना रिव्हर्स टाकावा लागतो, आणि रिव्हर्स टाकला की मागचे पांढरे दिवे लागतातच. डोळा अंधाराला नीट सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि एक झोत डोळ्यांत गेला की ती सगळी कमाई पाण्यात. मैदानभर माणसं एकदम आंधळी. त्या रात्री हे एकदाही झालं नाही. ते आपोआप झालेलं नाही, कुणीतरी संध्याकाळपासून माझ्यासारख्यांची बोलणी खात उभं होतं म्हणून झालं. (त्याच्या एका डोळ्यावर पट्टी होती. नुकतंच ऑपरेशन झालं असावं. तशातही आला होता.)

दुसरा आवाज सोळा इंची डॉबच्या (सोळा इंच आरशाच्या, हाताने फिरवायच्या डॉबसन दुर्बिणीच्या) शिडीपाशी. मुलीचा, घसा बसत आलेला. "दोन्ही हात शिडीला. डोळा आयपीसला. नळीला हात नाही लावायचा." आता ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पृथ्वी तासाला १५ अंश वळते. दोनशे पट मोठं करून बघत असाल तर साध्या आयपीसमध्ये जेमतेम पाव अंश आकाश मावतं. म्हणजे मृगातल्या तेजोमेघाच्या पोटातले ते चार तारे एका कडेने आत येतात आणि मिनिटभरात दुसऱ्या कडेने बाहेर पडतात. सोळा इंचीला मोटर नाही. म्हणून दर एक-दोन पोरांमागे पुन्हा फाइंडरला (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीला) डोळा लावायचा, नळी बोटभर ढकलायची, बाजूला व्हायचं, पुढच्याला वर चढवायचं. तीन तास. मी रांगेत होतो तेव्हा पुढचा एक मुलगा वर चढला, दोन सेकंदांत "दिसलं" म्हणून उतरायला लागला.

"किती तारे?"

"एक."

"मग नाही दिसलं. चढ परत."

मागे रांग खोळंबलेली, लोक चुळबुळ करतायत, आणि ही बाई ढिम्म. नळी सरकवली, फोकस फिरवायला त्याच्याच हातात दिला. तिसऱ्या की चौथ्या खेपेला तो "चार! चार आहेत!" असं इतक्या जोरात ओरडला की शेजारच्या दुर्बिणीवाला दचकला. माझ्या वहीत त्या रात्रीची सगळ्यात चांगली नोंद तीच आहे.

तिसरा आवाज हेअर ड्रायरवाला. अकरानंतर दव असं काही पडायला लागलं की नकाशाचे कागद लगदा झाले. स्वच्छ रात्री दुर्बिणीची पुढची काच आपली उष्णता उघड्या आकाशाकडे टाकत राहते, भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते आणि मग तिच्यावरच दव धरतं. माझी बंद नळीची, पुढे काच असलेली. म्हणजे दवाला पाट मांडून दिलेला. "कुणाची काच गेली?" असं विचारत हा माणूस बॅटरीवर चालणारा ड्रायर घेऊन रांगांमधून फिरत होता. फडक्याने पुसायला गेलो तर माझा हात धरला त्याने. लांबून, हलवत हलवत, कोमट वारा. काच कोरडी झाली की पुढच्याकडे. नंतर एकच्या सुमारास ढग आले आणि दव थांबलं, म्हणजे नशिबाने दोन्ही शिक्षा एकदम दिल्या नाहीत.

प्रायोजकांची नावं इथे लिहीत नाही, जाहिरातीचा नियम आहे आणि स्मरणिकेत ती आहेतच. पण काय दिलं ते लिहायला हरकत नसावी. जनरेटर आणि तो लांब ठेवता येईल एवढी केबल. मोठा तंबू. लाल जिलेटिन पेपरचे रोल, ज्यातून प्रत्येकाला मोबाइलवर आणि टॉर्चवर लावायला दुहेरी तुकडे मिळाले (एकेरी लावला तर फार उजेड येतो, हे देणाऱ्यालाही माहीत होतं, म्हणून दुप्पट पाठवले). आणि हो, एक दिव्यांचा फलकही आला होता. त्याचं काय झालं ते ज्यांना ठाऊक आहे त्यांनी सांगावं.

बाकी मॅरेथॉन (मेसिएच्या यादीतले 'एम' क्रमांकांचे ११० तेजोमेघ, तारकागुच्छ आणि दीर्घिका एका रात्रीत बघायची शर्यत) माझी ६८ वर आटोपली. ११० कुणाची झाली का?

चौथी रांग

+१, आणि एक आवाज माझ्याकडून. खरं तर आवाज नाहीच. तंबूच्या प्रत्येक ताणदोरीला कुणीतरी पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या बांधल्या होत्या, गुडघ्याच्या उंचीवर, प्रत्येक दोरीला तीन. गेल्या वर्षी याच दोरीत अडकून मी ट्रायपॉडसकट आडवा झालो होतो. यंदा रात्री पाच-सहा वेळा तिथून गेलो आणि एकदाही विचार करावा लागला नाही. कुणी बांधल्या, कधी बांधल्या, काही माहिती नाही.

११० नाही हो. मावळतीला एम ७४ संधिप्रकाशात बुडाला तो बुडालाच. त्यात एक ते तीन ढग. पहाटेच्या एम ३० पर्यंत जागे कोण होते तेच विचारा.

नवखी

मी पहिल्यांदाच आले होते, आईला घेऊन. मला दुपारचं सांगायचंय. रात्रीचं सगळे लिहितीलच.

सूर्य दाखवायला एक आजोबा बसले होते. आम्ही गेलो तेव्हा रांग नव्हती, तरी त्यांनी लगेच बघू दिलं नाही. आधी नळीच्या तोंडावरची फिल्टरची चकती काढून उजेडासमोर धरली, बारीक भोकं पडलीत का ते पाहिलं, परत बसवली, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली. वारा होता ना, उडायला नको. मग फाइंडरला टोपी आहे ना ते बोटाने चाचपलं. आई म्हणाली, "अहो, आत्ताच तर तपासलंत की." ते म्हणाले, "मगाशी तपासलं होतं. आत्ता तुम्ही बघणार आहात."

दुपारभर ते त्या खुर्चीवरून उठले नाहीत. कुणी बदलायला आल्याशिवाय उठायचंच नाही असा नियम आहे म्हणे, कारण उघड्या दुर्बिणीपाशी एखादं मूल एकटं सापडलं तर काय होईल याचा विचारही नको. बदलायला कुणी आलंच नाही. आईने दोन डाग पाहिले, एक मोठा आणि त्याच्या शेपटासारखा एक बारका. ती घरी सगळ्यांना सांगतेय की सूर्याला तीळ आहेत.

आजोबा इथे असतील तर त्यांना आईचा नमस्कार सांगा.

ढगाळ शनिवार

सगळं छान आहे, पण मी जरा विरस करणार. मी स्वयंसेवक होतो. दुपारी चारला मैदानात आलो, पहाटे पाचला खुर्च्या मोजून परत दिल्या. त्यात आकाश किती पाहिलं? एकदा. तेही रांगेत उभं राहून, आणि माझा नंबर आला तेव्हा कुणीतरी "केबल सुटली" म्हणून हाक मारली.

आभारांबद्दल तक्रार नाही. पण दरवर्षीची गंमत बघा. समितीच्या यादीत नावं भरपूर, मैदानात माणसं तीच पाच-सात. गेल्या वर्षी प्रशस्तिपत्रक मिळालं. छान कागद होता, नावात वेलांटी चुकलेली होती. मला कागद नको, दीडला येऊन "जा, मी बसतो इथे" म्हणणारा एक माणूस हवा. नवखीताईंनी लिहिलेल्या आजोबांना बदलायला कुणी गेलं नाही याचं कारण एवढंच की ज्याने जायचं तो त्याच वेळी खांब रोवत होता. तो मी होतो. आजोबा, माफ करा.

सहा इंची

विरस कसला, हेच तर यायला हवं होतं धाग्यात. आणि खरं सांगायचं तर दीड वाजता मी तंबूत ढगांच्या नावाने बोटं मोडत रिकामा बसलो होतो. मला कुणी सांगितलं असतं तर उठलो असतो. पण सांगावं लागलं असतं हेही खरंच.

काचघासू

दीड वाजता तुम्ही तंबूत होतात म्हणजे आमच्याच तावडीत होतात.

ढग आल्यावर लोक गाड्यांकडे वळायला लागले. अशा वेळी मेळावा मोडतो. एकाने इंजिन सुरू केलं की दहा जणांना घर आठवतं. तेव्हा एका बाईंनी, बहुतेक नोंदणीच्या टेबलावर होत्या त्याच, आरोळी दिली, "आरसा बघायचाय का कुणाला?" आणि माझा अर्धवट पॉलिश झालेला आठ इंची आरसा स्टँडवर चढवून टाकला. मला न विचारता! मी तो नुसता दाखवायला म्हणून आणला होता.

फूकोची कसोटी, म्हणजे आरशाचा आकार तपासायची युक्ती, पुस्तकात वाचलेले बरेच होते, डोळ्यांनी पाहिलेले थोडे. एक बारीक दिवा, एक दाढीचं पातं, बस. आरशावरून परत आलेला उजेड जिथे एकवटतो तिथे पातं हळूच सरकवायचं, की सपाट दिसणाऱ्या काचेवर एकदम डोंगर-दऱ्या उभ्या राहतात. फूकोने ही युक्ती १८५८ साली काढली आणि घरी आरसा घासणारा माणूस आजही तीच वापरतो. तंबूत लोकांना पटेना. मग मी म्हटलं, अंगठा टेकवा आरशावर. एका मुलाने दहापर्यंत आकडे मोजत अंगठा टेकवला, काढला. पात्यामागून पाहिलं तर काचेवर अंगठ्याएवढी टेकडी! अंगाच्या उबेने काच तेवढीशी फुगली होती. आणि बघता बघता ती टेकडी विरत गेली. आरशाच्या पृष्ठावर उजेडाच्या तरंगलांबीच्या आठव्या भागाएवढीही चूक चालत नाही असं आम्ही सांगतो तेव्हा लोक मान डोलावतात. अंगठ्याची टेकडी पाहिल्यावर डोलावत नाहीत, गप्प होतात.

पावणेतीनला आकाश उघडलं तेव्हा तंबू भरलेला होता. त्या बाईंनी आरोळी दिली नसती तर मैदान रिकामं असतं. त्या कोण, ते मलाही माहीत नाही. (आरशावरचा ठसा मात्र अजून आहे, त्या मुलाच्या हाताला तेल होतं बहुतेक. असो.)

ही परंपरा तशी जुनीच. रसेल पोर्टर यांनी १९२० साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये गावातल्या लोकांना आरसे घासायला शिकवलं, त्यातून क्लब झाला, आणि १९२६ मध्ये 'स्टेलाफेन'चा पहिला मेळावा भरला. तो अजून भरतो. तिथेही पहाटे खुर्च्या कुणीतरी मोजत असणारच.

जमाखर्च

हिशेबाची वही माझ्याकडे असते, म्हणून प्रायोजकांबद्दल मी लिहितो. आकडे वार्षिक सभेत मांडेन, इथे नाही.

रोख देणाऱ्यांचे आभार आहेतच. पण खरं सांगतो, ज्यांनी विचारलं की "तुम्हाला काय लागतं?" त्यांची मदत जास्त कामी आली. जनरेटरवाल्यांनी पहिल्यांदा मोठं यंत्र देऊ केलं होतं. आम्ही म्हटलं, मोठा नको, कमी आवाजाचा द्या आणि केबल लांब द्या. त्यांनी दोन्ही दिलं, वर एक माणूस दिला. तो माणूस रात्रभर जनरेटरपाशी, सगळ्यांपासून लांब, झाडामागे बसून होता. यादीत त्याचं नाव प्रायोजकातही नाही आणि स्वयंसेवकातही नाही. ते लिहायचं राहिलं, माझी चूक.

दुसरे दुर्बीण विकणारे. टेबल मांडून बसले होते, त्यांचा धंदाच आहे तो. पण मी स्वतः ऐकलं; एक वडील मुलासाठी दुर्बीण घ्यायला निघाले होते, खोक्यावर "५०० पट" छापलेली कुठेतरी पाहून आले होते. हे म्हणाले, "साठ मिलिमीटरच्या नळीला १२० पटीच्या वर अर्थ नसतो. नळीच्या व्यासाच्या दुप्पट, एवढं लक्षात ठेवा. आणि खरं तर यंदा काहीच घेऊ नका. दहा बाय पन्नासची द्विनेत्री आणा, वर्षभर आकाश पाठ होऊ दे. मग या." गिऱ्हाईक परत पाठवलं त्यांनी. हे कुठल्या रकान्यात जमा धरायचं सांगा.

तिसरी गोष्ट. एका प्रायोजकाने, कोण ते विचारू नका, आलेल्या सगळ्यांचे फोन नंबर मागितले होते. देणार नाही म्हणून कळवलं. वाटलं, गेली मदत. दोन दिवसांनी उत्तर आलं: "ठीक आहे. फलक तरी लावू द्याल ना?" फलक लावू दिला. तो दिव्यांचा निघाला.

फलकवाला

नमस्कार. मुद्दाम सभासद झालो इथे. तो दिव्यांचा फलक घेऊन आलेला माणूस मी.

मला ऑफिसमधून सांगितलं होतं, फलक लावायचा, रात्री पेटलेल्या फलकाचा गर्दीसोबत फोटो काढायचा, पाठवायचा. मी कधी असल्या कार्यक्रमाला आलेलो नाही. मला वाटलं स्टेज असेल, लाइट असतील. प्लग लावला, फलक पेटला, आणि मैदानातून असा काही आवाज आला की मला वाटलं कुणाला विंचू चावला.

एक बाई धावत आल्या. मला वाटलं आता भांडण. त्या म्हणाल्या, "दादा, सूर्य आत्ताच मावळलाय, अजून उजेड आहे. पंधरा मिनिटं आहेत तुमच्याकडे. चला, गर्दी मी गोळा करते." आणि खरंच पन्नास लोक फलकासमोर आणून उभे केले, फोटो काढू दिला, हसायला लावलं सगळ्यांना. मग स्वतः प्लग काढला आणि फलकावर सतरंजी टाकली. ऑफिसला फोटो आवडला.

माझी गाडी फाटकाजवळ अडकली होती म्हणून थांबलो. फाटकावरच्या दादांनी विचारलं, कृत्तिका दिसतात का, किती? मी म्हटलं पाच. म्हणाले, मोबाइल खिशात घाला, अर्ध्या तासाने सांगा. अर्ध्या तासाने सात झाल्या. नंतर आठवी होती की नव्हती यावरून आमचा वाद झाला. पुढच्या वर्षी साधा कापडी फलक आणतो.

हिरवा किरण

आभार वगैरे ठीक. पण माझा लेझर काढून घेतला त्याचं काय? मी मुलांना सप्तर्षी दाखवत होतो. तिथल्या एका मुलाने येऊन हात पुढे केला, "काका, द्या." वयाने माझ्या निम्मा असेल.

चौथी रांग

तो मुलगा बरोबर होता. तुमच्या मागे तीन जण फोटो घेत होते, पाच-पाच मिनिटांच्या एक्स्पोजरमधून तुमची हिरवी रेघ गेली. त्यातला एक मी. आणि वरून विमानं जातात, तिकडे लेझर चुकूनही जाता कामा नये. म्हणून मैदानात एकाच्याच हातात लेझर, तोही माहितीच्या तासापुरता. पत्रकात लिहिलेलं होतं.

हिरवा किरण

पत्रक लाल उजेडात वाचायला दिलं तर लाल अक्षरं दिसतील का? ठळक सूचना लाल शाईत छापल्या होत्या. करा प्रयोग.

जमाखर्च

हे मात्र कबूल. छपाई आमची. पुढच्या वर्षी काळ्या शाईत. लेझर माझ्याकडे पिशवीत आहे, चिठ्ठी लावून ठेवलाय, केव्हाही न्या. ज्याने काढून घेतला त्यानेच चिठ्ठी लावलीय: "सप्तर्षीवाले काका".

हिरवा किरण

बरं. त्यालाही धन्यवाद सांगा.

शिडीखालची

धागा आत्ता पाहिला. शिडीपाशी मी होते. घसा आज सुटला.

लिहायला संकोच वाटतोय, पण एक दुरुस्ती हवी. "तीन तास" मी एकटी नव्हते. शिडीचे पाय धरून एक काका बसले होते, खाली, ओल्या गवतावर. जमीन उताराची, शिडी एका बाजूने डुगडुगत होती. त्यांनी पहिल्यांदा दगड लावून पाहिला, जमेना, मग स्वतःच बसले. चढणाऱ्या प्रत्येकाचा बूट त्यांच्या बोटांवर. उठले तेव्हा बोटांची मूठ वळत नव्हती. नाव विचारलं तर "वरच्यांकडे लक्ष दे" म्हणाले.

त्या मुलाबद्दल: पहिल्या डॉबसन दुर्बिणींचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य म्हणे हे की त्या फूटपाथवर उभ्या करून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायच्या. जॉन डॉबसन यांच्या मंडळींनी १९६८ पासून सॅन फ्रान्सिस्कोत तेच केलं. रस्त्यावरचा माणूस "दिसलं" म्हणून निघून जातो, त्याला खरंच दिसलं का हे विचारायला हवं असं मला आमच्या क्लबमधल्या ताईंनी शिकवलंय. मी फक्त विचारलं.

ढगाळ शनिवार यांचं म्हणणं मात्र जड जातंय. मी पण त्या रात्री सोळा इंचीतून एकच गोष्ट पाहिली. दोनशे वेळा पाहिली, तो भाग वेगळा.

काचघासू

मग एक सुचवतो. येत्या अमावास्येला स्वयंसेवकांची रात्र करू. त्या दिवशी जे मेळाव्यात राबले ते फक्त बघतील. आपण पाहुणे होतो ते फाटक, शिडी, ड्रायर सांभाळू. मी शिडीचे पाय धरतो.

सहा इंची

मी फाटक घेतो. तोंड बाहेर करून गाड्या लावायचं शिकलोय आता. ढगाळ शनिवार, तुम्ही यायचं आणि हाक आली तरी उठायचं नाही.

ढगाळ शनिवार

येतो. पण पुढच्या मेळाव्याला दोन-दोन तासांच्या पाळ्यांचा तक्ता फाटकावर लागला पाहिजे, आणि त्यात पाहुण्यांची नावं आधी. नोंदणी करतानाच विचारा: किती ते किती मोकळे? आणि पाळी संपली की अर्धा तास मोकळा हवा, लगेच दुर्बिणीवर पाठवू नका. टेबलावर बसलेल्याचे डोळे सरावलेले नसतात, त्याला काही दिसत नाही आणि मग तो म्हणतो आकाशच खराब होतं.

जमाखर्च

तक्ता मी करतो.

फाटक

मी फाटकावरचा. धागा वाचून हसू आलं. डोळ्याचं ऑपरेशन वगैरे काही नाही हो.

येणारी प्रत्येक गाडी वळणावर पहिल्यांदा माझ्यावरच हेडलाइट टाकते. मी हात केल्यावर मग बंद होतात. म्हणजे मैदानातल्या सगळ्यांचे डोळे वाचतात, माझे रात्रभर मार खातात. दोन वर्षं असंच गेलं. सुटलो तरी काळ्या आभाळाशिवाय काही दिसायचं नाही. यंदा एक डोळा बांधून ठेवला. एकाने गाड्या बघायच्या, दुसरा राखून.

पहाटे साडेतीनच्या सुमारास गाड्या थांबल्या. सोळा इंचीपाशी गेलो तर ती आवराआवर करत होती. म्हटलं, काही आहे का लावण्यासारखं? तिने शौरीतला एम १३ हा ताऱ्यांचा गुच्छ लावला. डोक्यावरच होता, म्हणून शिडीच्या वरच्या पायरीपर्यंत जावं लागलं. पट्टी सोडली. मधोमध धुकं असतं असं ऐकून होतो, पण ते धुकं नव्हतंच, दाणे होते, अगदी गाभ्यापर्यंत दाणे, आणि कडेने साखळ्या सुटलेल्या. खालून शिडी कुणीतरी धरली होती.

दोन मिनिटं झाली असतील, मैदानातून कुणीतरी गाडी सुरू केली. पट्टी बांधून फाटकावर गेलो.

अमावास्येला येतो. सहा इंची, फाटक घेताय तर पट्टी घेऊन या, माझी देणार नाही.

नवखी

आजोबांचा काही पत्ता? आई रोज विचारतेय.

शिडीखालची

आजोबा इथे नाहीत, ते फोनवरही कमीच असतात. नमस्कार पोचवला. ते म्हणाले, मोठ्या डागाच्या शेपटाला जो बारका होता तो दुसऱ्या दिवशी दुभंगला होता, आईंना सांगा. आणि फाइंडरची टोपी हरवलीय त्यांची, काळी, प्लॅस्टिकची. कुणाच्या सामानात गेली असेल तर बघा.